गाण्याला पीआर लावायचा का? किती, कधी आणि कुणाकडून

"दादा शुक्रवारी गाणं टाकतोय, मराठीतला एखादा चांगला पीआरवाला सांग ना, थोडं बजेट आहे." असा मेसेज मला महिन्यातून दोन-तीनदा येतो आणि गंमत म्हणजे तो बहुतेक वेळा बुधवारी आलेला असतो. (पीआरवाला म्हणजे पैसे घेऊन प्रसिद्धीचं काम बघणारा.) मी पुण्यात एका बँडमध्ये बास वाजवतो, आणि बँडमध्ये ज्याला एक्सेल येतं त्याच्याच गळ्यात हे सगळं पडतं या न्यायाने गेली काही वर्षं आमचं रिलीज, पोस्टर, प्रेस, जाहिराती सगळं मीच बघतोय. त्यात पैसे घालवलेत, थोडे वसूलही केलेत. तर प्रत्येकाला वेगळं टाइप करण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहून टाकतो. फिल्मवाल्यांसाठी किंवा लेबलवाल्यांसाठी, म्हणजे म्युझिक कंपन्यांसाठी, नाही हे, ज्यांनी स्वतःच्या खिशातून गाणं केलंय त्यांच्यासाठी आहे.

पहिल्यांदा माझी फजिती सांगतो म्हणजे पुढचं का सांगतोय ते कळेल. आमचं दुसरं गाणं आल्यावर नऊ दिवसांनी आम्ही एक पीआरवाला घेतला. नऊ दिवसांनी! वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. त्याने इंग्रजीत एक प्रेस रिलीज लिहिलं, त्यात आमच्या गायिकेचं आडनाव चुकवलं, आणि तोच मजकूर चुकीच्या आडनावासकट अकरा पोर्टलवर जसाच्या तसा छापून आणला. आम्ही अकराच्या अकरा लिंका स्टोरीला टाकल्या, नातेवाइकांनी अभिनंदन केलं. स्पॉटिफायचा आलेख मात्र जागचा हलला नाही. तेव्हा मी त्या माणसाला शिव्या घातल्या, पण आता वाटतं की चूक निम्म्याहून जास्त आमची होती, कारण आम्हाला काय हवंय तेच आम्ही ठरवलं नव्हतं.

आधी घोडं कुठे अडलंय ते बघा

पीआर घ्यायचा की नाही हा प्रश्न नंतरचा. आधी स्पॉटिफाय फॉर आर्टिस्ट्स, यूट्यूब स्टुडिओ आणि इन्स्टाचे इनसाइट्स, म्हणजे आपल्याला आपले आकडे दाखवणारे तीन डॅशबोर्ड, उघडून तासभर बसा. जुनं एकतरी गाणं बाहेर असेल तर तिथे उत्तर सापडतं.

यूट्यूब स्टुडिओत प्रत्येक व्हिडिओला रिटेन्शनचा आलेख असतो, पहिल्या तीस सेकंदांनंतर किती टक्के लोक थांबलेत तेही तिथे दिसतं. तिथेच निम्म्याहून जास्त माणसं पळत असतील तर ती कमी लोकांपर्यंत पोचण्याची अडचण नाहीये, आलेले लोक थांबत नाहीयेत. यावर पीआर काहीही करू शकत नाही. उलट पैसे देऊन जास्त लोक आणाल आणि जास्त लोक पळतील. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. अशा वेळी पैसे पुढच्या गाण्याच्या मिक्सिंगवर घाला, किंवा तो पंचेचाळीस सेकंदांचा ढगांचा ड्रोन शॉट कापा.

दुसरी शक्यता अशी की ऐकणारे थोडे आहेत पण जे आहेत ते चिकटलेत. स्पॉटिफायवर श्रोत्यांच्या मानाने सेव्ह, म्हणजे गाणं स्वतःच्या यादीत ठेवणारे, चांगले आहेत, स्ट्रीम कुठून आले त्यात लोकांची स्वतःची लायब्ररी आणि तुमचं प्रोफाइल वर दिसतंय, कुणीतरी कॉमेंटमध्ये "हे लाइव्ह कधी?" असं विचारतंय. हे खरं चांगलं लक्षण. इथे पोच वाढवायला पैसे घालण्यात अर्थ आहे, फक्त तेव्हाही पोच म्हणजे पीआरच असं नाही, बऱ्याचदा साध्या जाहिराती किंवा चार गाव फिरून केलेले शो जास्त काम करतात.

तिसरी म्हणजे ऐकतात, शेअर करतात, पण शोला कोणी येत नाही. मग शहरांची यादी बघा. ऐकणारे नाशिक-औरंगाबादला, माफ करा, छत्रपती संभाजीनगरला, आणि तुम्ही शो करताय मुंबईत, असंही असतं. आणि चौथी, सगळं चाललंय पण तुम्हालाच झेपत नाहीये, मेल पडून राहतात, आयोजकाचा फोन रियाझाच्या वेळेला येतो. पगारी माणूस लागतो तो खरं तर या चौथ्या वेळेला, आणि घेतात सगळे पहिल्या वेळेला.

गाणं म्हणजे बातमी नव्हे

हे कडू आहे पण लवकर गिळा. तुमच्यासाठी गाणं रिलीज होणं ही मोठी घटना असते, पेपरातल्या माणसाच्या इनबॉक्सला मात्र ते आज आलेलं कितवं तरी गाणं असतं. पब्लिसिस्ट, म्हणजे हाच पीआरवाला, विकतो ती बातमी. तुमच्याकडे बातमी नसेल तर तो बिचारा "तरुणाईला भुरळ घालणारं हळुवार प्रेमगीत" असं काहीतरी लिहितो, कारण त्याला दुसरं लिहायला तुम्ही काही दिलेलंच नसतं.

म्हणून एक परीक्षा घ्या. कोण, कुठे, काय केलं आणि आत्ताच का, या चार गोष्टी एका वाक्यात बसवून बघा, आणि ते वाक्य बँडबाहेरच्या, शक्यतो संगीताशी संबंध नसलेल्या माणसाला म्हणून दाखवा. "पुण्यातल्या चार मित्रांनी पावसावर गाणं केलंय" यावर समोरचा म्हणतो "अरे वा," आणि चहा पितो. आता समजा तुम्ही कणकवलीचे आहात, मालवणीत रॅप करता, आणि गावातल्या दशावतारात पेटी, पखवाज आणि झांज वाजवणाऱ्यांना घेऊन तुम्ही गाणं रेकॉर्ड केलंय, आणि जत्रांचा हंगाम सुरू होतोय म्हणून ते आत्ता येतंय. इथे समोरचा विचारतो, "म्हणजे कसं केलंत?" बस्स, तेवढं विचारलं की बातमी आहे. यातला "आत्ताच का" हा भाग सगळ्यात जास्त वेळा रिकामा राहतो. तो भरता येत नसेल तर या गाण्याला पीआर लावू नका, गाणं तसंच येऊ द्या, पुढच्या अल्बमला किंवा टूरला बघू.

कुणीतरी लगेच म्हणेल की २०२४ मध्ये संजू राठोडचं "गुलाबी साडी" काय पेपरात छापून आल्यामुळे चाललं का? नाही, ते रील्सवर पळालं. पण तो त्याच्या आधीपासून गाणी करत होता, आणि "व्हायरल" हा आपण ठरवून विकत घ्यायचा टप्पा नाहीये. जो कोणी व्हायरल करून देतो म्हणतो त्याचा नंबर डिलीट करा.

शून्य पायरी: स्वतःचं स्वतः

किती मदत विकत घ्यायची याच्या पायऱ्या मी माझ्या सोयीने पाडल्यात, त्या काही शास्त्रात लिहिलेल्या नाहीत. पण ही शून्य पायरी न करता वर कोणीही जाऊ नये, कारण इथली कामं तुम्ही केली नाहीत तर पीआरवाला तीच करेल आणि तुमच्याकडून त्याचे पैसे घेईल.

रिलीजच्या साधारण पाच-सहा आठवडे आधी गाणं डिस्ट्रिब्युटरकडे, म्हणजे ते स्पॉटिफायसारख्या ठिकाणी पोचवणाऱ्या कंपनीकडे, अपलोड झालेलं असलं पाहिजे. अपलोड करताना भाषा मराठी निवडा, घाईत हिंदी किंवा इंग्रजी तशीच राहून जाते आणि मग मराठी प्लेलिस्टवाल्यांना तुम्ही दिसायची शक्यता उगाचच कमी होते. गीतकार, संगीतकार, वादक सगळ्यांची नावं एकाच स्पेलिंगमध्ये. स्पॉटिफायच्या एडिटरना गाणं पिच करायला, म्हणजे प्लेलिस्टसाठी सुचवायला, कुणालाही पैसे द्यावे लागत नाहीत, ते स्पॉटिफाय फॉर आर्टिस्ट्समधून तुम्ही स्वतःच करता, एका वेळी एकच न आलेलं गाणं पाठवता येतं आणि लिहायला ५०० अक्षरं मिळतात. निदान सात दिवस आधी पिच केलं की तुमच्या फॉलोअर्सच्या रिलीज रडारमध्ये, म्हणजे नव्या गाण्यांच्या आपोआप बनणाऱ्या प्लेलिस्टमध्ये, तरी ते जातं. मी तीन-चार आठवडे ठेवतो. त्या ५०० अक्षरांत "आम्हाला लहानपणापासून संगीताची आवड" नको, वर केलेलं ते एक वाक्य टाका आणि प्रमोशनसाठी तुम्ही काय काय करणार आहात ते सांगा.

यूट्यूबवर डिस्ट्रिब्युटरला सांगून ऑफिशियल आर्टिस्ट चॅनेल करून घ्या, नाहीतर आपोआप बनलेलं टॉपिक चॅनेल वेगळं आणि तुमचं वेगळं अशी दोन दुकानं चालतात.

मग प्रेस किट. नाव भारी आहे, वस्तू साधी आहे, एक ड्राइव्ह फोल्डर. त्यात तीन चांगले फोटो, एक आडवा, एक उभा, एक ज्यात सगळ्यांचे चेहरे नीट दिसतात, आणि त्यावर लोगो, तारीख, "आउट नाऊ" असलं काही छापलेलं नको. फोटोखाली डावीकडून कोण आहे ते लिहा. परिचय तीन मापांचा, पन्नास शब्द, दीडशे शब्द आणि चारशे शब्द, मराठीत आणि इंग्रजीत दोन्ही. गाण्याचे बोल देवनागरीत. आणि मराठी पेपरला पाठवायचा मजकूर युनिकोडमध्ये, सरळ मेलमध्ये टाईप केलेला. पीडीएफ नाही, व्हॉट्सअॅपवर जेपीजी तर अजिबातच नाही. डेस्कवरच्या माणसाला रात्री आठ वाजता जागा भरायची असते, कॉपी-पेस्ट होणारा मजकूर त्याच्याकडे आला तर तुमचं काम होतं, टाईप करावं लागणार असेल तर शेजारच्याचं होतं. एवढी साधी गोष्ट आहे, आणि आमच्या बँडला ती कळायला दोन गाणी लागली.

वेळेचंही बघा. जगभर २०१५ पासून गाणी शुक्रवारी येतात, म्हणून आपणही शुक्रवारच धरतो, पण शुक्रवारी सिनेमे लागतात आणि मनोरंजनाची पानं त्यांनीच भरलेली असतात. बातमी यायला हवी असेल तर ती गुरुवार-शुक्रवारवर ढकलू नका, सोमवार-मंगळवारी द्या. गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस तर गणपतीची गाणी सोडून काहीही आणू नका, आणि गणपतीचं गाणं आणत असाल तर तुमच्याबरोबर अख्खा महाराष्ट्र आणतोय हे लक्षात घ्या.

मध्येच एक विषयांतर, पण महत्त्वाचं. गाण्याचा प्रचार करण्याआधी गाण्याचे पैसे गोळा करायची व्यवस्था करा. गीतकार-संगीतकारांनी आयपीआरएसचं सभासदत्व घ्या, त्यांची रॉयल्टी गोळा करणारी १९६९ पासूनची संस्था आहे, आणि २०१२ च्या कॉपीराइट कायद्यातल्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा जवळजवळ कुणालाही लिहून देता येत नाही इतका पक्का झालाय. गायक-वादकांसाठी अशीच संस्था इस्रा, म्हणजे आताची इसाम्रा. नाहीतर गाणं वाजेल आणि पैसे हवेत जातील.

गावाजवळचा पेपर आधी

हेही शून्य पायरीतच येतं पण वेगळं सांगतो कारण यावर सगळे नाक मुरडतात. सगळ्यांना मुंबईच्या पुरवणीत यायचंय. अरे पण तुम्ही कोल्हापूरचे असाल तर "पुढारी", बेळगावचे असाल तर "तरुण भारत", गोव्यात "गोमन्तक", नाशिकला "देशदूत", अकोल्याकडे "देशोन्नती", आणि "सकाळ"-"लोकमत"च्या जिल्हा आवृत्त्या तर सगळीकडेच आहेत. जिल्हा आवृत्तीला तुम्ही "आपल्या गावचे पोरं" असता, तिथे तुमचं गाणं खरंच बातमी असते. वार्ताहराला जाऊन भेटा, चहा पाजा, त्यासाठी कुठलाही पब्लिसिस्ट लागत नाही. तसंच रेडिओ. आकाशवाणीची केंद्रं फक्त मुंबई-पुण्यात नाहीत, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी, जळगाव, परभणी अशी आहेत, पुणे विद्यापीठाची विद्यावाणी आहे, म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी आहे. कम्युनिटी रेडिओवाले वीस मिनिटांची मुलाखत घेतात, आणि ती मुलाखत कापून तुम्हाला महिनाभराच्या रील्स होतात.

परदेशात ऐकणारे दिसत असतील तर तिथल्या महाराष्ट्र मंडळांना सरळ मेल करा. अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन दर दोन वर्षांनी असतं, आणि गणपती-दिवाळीचे कार्यक्रम तर प्रत्येक गावच्या मंडळात. त्यांचं ठरवणं महिनोन् महिने आधी चालतं, म्हणून गणपतीसाठी जुलैत मेल करून उपयोग नाही.

पहिली आणि दुसरी पायरी: सल्ला, आणि सुटे हात

पहिली पायरी स्वस्त आहे आणि कोणी घेत नाही. या क्षेत्रातल्या माणसाचा एक तास विकत घ्या. पत्रकारिता सोडलेली एखादी ताई, आधी एखाद्या लेबलमध्ये काम केलेला कोणी, किंवा तुमच्यापेक्षा दोन पावलं पुढे असलेल्या बँडचा मॅनेजर. तुमचं किट, ते एक वाक्य आणि तारखा त्यांच्यापुढे ठेवा आणि "यात काय चुकतंय" एवढंच विचारा. एका तासाचे पैसे द्या, फुकट मागू नका, फुकट सल्ला देणारा गोड बोलतो.

दुसरी पायरी म्हणजे सुटी कामं सुट्या माणसांना. रील एडिट करणारा मुलगा, पोस्टर करणारी डिझायनर, जाहिराती चालवणारा. बहुतेक स्वतंत्र कलाकारांचं काम पहिली तीन-चार वर्षं याच पायरीवर व्यवस्थित भागतं असं माझं मत आहे, आणि मला कोणी एकच गोष्ट विचारली तर मी हीच सांगेन.

जाहिरातींचं थोडं सांगतो कारण इथे पैसे गळतात. इन्स्टावरचं ते निळं बूस्ट बटण दाबू नका, अॅड्स मॅनेजरमधून चालवा आणि लोकांना गाण्याच्या लिंकवर पाठवा, नुसते लाइक गोळा करू नका. भाषा मराठी असं टार्गेट केलंत तर गोची होते, कारण आपल्यातल्या कितीतरी लोकांचा फोन इंग्रजीत असतो आणि ते त्यातून सुटतात. त्यापेक्षा जागा निवडा. महाराष्ट्र, गोवा, बेळगाव हे तर झालंच, इंदूर आणि बडोदाही घालून बघा. एका गाण्यासाठी तीन वेगळे तुकडे कापा, तिन्हीवर थोडे थोडे पैसे लावा, चार दिवसांनी जो सगळ्यात वाईट चाललाय तो बंद करा. आमच्या वेळी प्रत्येक वेळेला सगळ्यात महागडं शूट केलेला तुकडा बंद करावा लागलाय आणि रिहर्सल रूममध्ये मोबाइलवर काढलेला चाललाय.

तिसरी पायरी: एका रिलीजपुरता पब्लिसिस्ट

इथे पोचायची माझी अट अशी. बातमी आहे, किट तयार आहे, मागच्या गाण्याला चिकटलेले लोक आहेत, आणि रिलीजनंतर लगेच काहीतरी घडणार आहे, म्हणजे अल्बम, टूर किंवा निदान तीन-चार गावांत शो. हे शेवटचं का, तर पेपरात वाचून माणूस तुम्हाला शोधतो, आणि त्याला त्या आठवड्यात करण्यासारखं काही सापडलं नाही तर तो विसरतो.

कॅम्पेन साधारण सात-आठ आठवड्यांची धरा. पहिले दोन आठवडे मजकूर आणि यादी करण्यात जातात, पुढचे दोन पाठवण्यात आणि मागे लागण्यात, मग रिलीजचा आठवडा, आणि त्यानंतरचे दोन-तीन आठवडे उरलेल्या मुलाखती. मासिकं आणि रविवारच्या पुरवण्या खूप आधी ठरतात, त्यांना रिलीजच्या आठवड्यात पाठवून काही होत नाही.

आता माणूस निवडायचा कसा. पहिला प्रश्न, मराठीत की इंग्रजीत? हे दोन वेगळे रस्ते आहेत. "रोलिंग स्टोन इंडिया"कडे आणि मुंबई-बंगलोरच्या इंडी, म्हणजे स्वतंत्र संगीतवाल्या, मंडळींकडे ज्याच्या ओळखी आहेत त्याला "लोकसत्ता"च्या पुरवणीत कोण काय बघतं ते माहीत असेलच असं नाही, आणि उलटही. दोन्ही करतो म्हणणाऱ्याला दोन्हीकडची उदाहरणं मागा. मग विचारा, आमच्यासाठी तू कुठल्या दहा लोकांना फोन करशील? नावं सांगू नकोस हवं तर, कुठल्या प्रकारचे आणि का ते सांग. जो गाणं ऐकून आलाय तो यावर पाच मिनिटं बोलतो. जो नाही ऐकून आला तो "आमचं नेटवर्क मोठं आहे" म्हणतो. मागच्या तीन कॅम्पेनमध्ये काय जमलं नाही हेही विचारा. आणि शेवटचं, मीटिंगला आलेले साहेबच काम करणार आहेत की मागे बसलेली इंटर्न? इंटर्नने केलं तरी माझी हरकत नाही, पण मग इंटर्नलाच भेटू द्या.

एखाद्या चांगल्या पब्लिसिस्टने तुम्हाला "आत्ता नको, पुढच्या अल्बमला या" असं सांगितलं तर त्याचा नंबर जपून ठेवा.

पैशांचं बोलणं. छापून येण्याची गॅरंटी कोणी देत असेल तर ती बातमी नाही, ती जाहिरात आहे. जाहिरात करायला ना नाही, फक्त जाहिरातीचा भाव जाहिरातीशी ताडून बघा. खरा पब्लिसिस्ट कामाचे पैसे घेतो, निकालाचे नाही, आणि हे पटायला जड जातं. म्हणून कामच लिहून घ्या. किती लोकांना पाठवणार, किती वेळा मागे लागणार, दर आठवड्याला कुणी काय उत्तर दिलं याची शीट देणार, मजकूर आम्ही मंजूर केल्याशिवाय बाहेर जाणार नाही. (आमच्या गायिकेचं आडनाव आठवा.) पैसे एकरकमी नको, सुरुवातीला काही, रिलीजच्या आठवड्यात काही, शेवटचा अहवाल आल्यावर उरलेले. साधा मेल चालतो, वकील लागत नाही, पण तोंडी नको. आणि पासवर्ड कुणाला देऊ नका. स्पॉटिफाय फॉर आर्टिस्ट्समध्ये टीम मेंबर म्हणून जोडता येतं, मेटाच्या बिझनेस सेटिंगमध्ये पार्टनर अॅक्सेस देता येतो, काम झालं की काढून टाकता येतो.

फसवणूक कशी ओळखायची

"दहा हजार रुपयांत लाखभर स्ट्रीम" हे सगळ्यात जुनं. हे बॉट असतात, म्हणजे माणसं नाहीत, आपोआप गाणं वाजवणारे प्रोग्रॅम. अचानक एका परक्या शहरातून स्ट्रीमचा डोंगर दिसतो जिथे मराठी माणूस औषधालाही नसेल, आणि सेव्ह शून्य. २०२४ पासून स्पॉटिफाय असल्या खोट्या स्ट्रीमसाठी डिस्ट्रिब्युटरला दंड लावतं, काही डिस्ट्रिब्युटर तो तुमच्यावर टाकतात, आणि गाणंच उतरवलं जाऊ शकतं. त्याच वर्षीपासून मागच्या बारा महिन्यांत निदान १,००० स्ट्रीम नसतील तर त्या गाण्याची रॉयल्टी स्पॉटिफाय मोजतच नाही, म्हणून लोकांना वाटतं की चला कसेतरी हजार करून घेऊ. नका करू. हजार खरे स्ट्रीम म्हणजे शंभर लोकांनी दहा वेळा ऐकणं, आणि शंभर लोक तुमच्या दोन शोंमध्ये येतात.

दुसरं म्हणजे पोर्टलचं पॅकेज, पन्नास ठिकाणी छापून देतो. ते पन्नास ठिकाणी छापलेलं कोणीही वाचत नाही, फक्त गुगलवर नाव टाकलं की दिसतं. कधीकधी तेवढंच हवं असतं, मग घ्या, पण तो पीआर समजून घेऊ नका. तिसरं, शेवटी येणारी ती शीट ज्यात "एकूण जाहिरात मूल्य" म्हणून काहीतरी लाखांचा आकडा असतो. म्हणजे जेवढी जागा छापून आली तेवढीच जाहिरात दिली असती तर किती पडले असते, असा हिशेब. पीआरवाल्यांच्याच आंतरराष्ट्रीय परिषदेने २०१० मध्ये बार्सिलोनात ठरवलं की ही मोजणी धरू नये, तरी ती अजून चालू आहे.

आणि इन्फ्लुएन्सरला पैसे देऊन गाणं वाजवत असाल तर एएससीआय या जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे पोस्टवर पेड असल्याचं लिहावं लागतं. जो म्हणतो "लिहायची गरज नाही, नॅचरल वाटेल," त्याच्या नादी लागू नका.

चौथी, पाचवी, आणि बजेट

चौथी पायरी महिन्याच्या रिटेनरची, म्हणजे पब्लिसिस्टला दर महिन्याला ठरावीक पैसे. ही ज्यांच्याकडे दर महिन्याला सांगण्यासारखं काही असतं त्यांच्यासाठी. तुम्ही वर्षातून तीन गाणी काढत असाल तर नऊ महिने तुम्ही शांततेचे पैसे भरणार. पाचवी म्हणजे मॅनेजर, तो कमाईतून साधारण १५ ते २० टक्के घेतो, म्हणजे कमाई असेल तर येतो. तो येत नसेल तर तो तुमचा अपमान नाही, अजून कमाई नाही एवढंच. लेबलच्या करारात प्रमोशन फुकट दिसलं तर मास्टरचे, म्हणजे मूळ रेकॉर्डिंगचे, हक्क किती वर्षांसाठी जातायत ते आधी वाचा.

बजेटचा माझा एकच नियम आहे, पहिल्या गाण्यावर तेवढेच घाला जेवढे पुढच्या दोन गाण्यांवर परत घालू शकाल. समजा सगळे मिळून ६०,००० रुपये आहेत, तर एका गाण्याला २०,००० झाले. त्यातले ६,००० रील एडिटला, ३,००० फोटोंना, ८,००० जाहिरातींना, ३,००० हातात. जाहिरातींच्या त्या ८,००० मधले जवळपास १,२२० जीएसटीत जातात, प्रत्यक्ष ६,७८० चालतात, हे आधीच धरा म्हणजे शेवटच्या दोन दिवसांत जाहिरात मध्येच बंद पडत नाही. बघा, यात पब्लिसिस्ट बसतच नाही. तिन्ही गाणी एका अल्बमची असतील आणि अल्बमला बातमी असेल तर पहिल्या दोन गाण्यांना हात आखडता घ्या आणि तिसऱ्याला, म्हणजे अल्बमच्या वेळी, तिसरी पायरी चढा. आमचा पुढचा बेत हाच आहे.

संपल्यावर सहा आठवड्यांनी परत तेच तीन डॅशबोर्ड उघडा. लिंका किती आल्या ते मोजू नका. सेव्ह वाढले का, तुमचं नाव टाइप करून शोधणारे वाढले का, नवं शहर दिसतंय का, आयोजकांकडून आपणहून किती मेल आले, एवढं बघा. वाढलं असेल तर पुढच्या वेळी एक पायरी वर, नसेल तर एक खाली, आणि खाली यायची लाज बाळगू नका, आम्ही तिसरीवरून दुसरीवर आलो तेव्हाच आमचा पहिला हाऊसफुल शो झाला.

तो बुधवारी मेसेज करणारा मुलगा मागच्या वेळी जळगावचा होता. मी त्याला रिलीज पाच आठवडे पुढे ढकलायला सांगितलं, तो वैतागला, पण ढकललं त्याने. परवा त्याने प्रेस किटची लिंक पाठवली, उघडली तर "अॅक्सेस मागा" असं आलं. पत्रकार अॅक्सेस मागत नाही रे बाबा, तो पुढच्या मेलवर जातो. शेअरिंगमध्ये "लिंक असलेल्या कुणालाही" करा आणि पाठवण्याआधी दुसऱ्याच्या फोनवर उघडून बघा.